‘बठ्ठं बरं शे’ ऐकल्यानंतर

धुळ्याहून शिरपूरच्या दिशेने मुंबई-आग्रा महामार्गाने निघाले की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागते. टेकडीवर किल्ल्याचे अवशेष आणि पायथ्याशी गाव. पण खानदेशातल्या जुन्या पिढीला सोनगीर म्हटले की किल्ल्याच्या आधी आठवतात ती तिथली तांब्या-पितळेची भांडी. हंडे, घागरी, तपेली, पाणी तापवायचे बंब सोनगीरच्या तांबटांनी ठोकून घडवायचे आणि खानदेशातल्या घराघरांत ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले जायचे. पुढे ॲल्युमिनियम आले, स्टेनलेस स्टील आले, शेवटी प्लॅस्टिक आले आणि ठोक्यांचा आवाज विरळ होत गेला. हातोडा खाली ठेवलेली माणसे मात्र गावातच आहेत. ती आता म्हातारी झाली आहेत.

जन्मभर पत्र्यावर हातोडा मारणाऱ्याचे कान जातात, ही गोष्ट नवी नाही. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. व्हेनिसचे तांबट दिवसभराच्या ठोकाठोकीने बहिरे होतात, याची नोंद त्यात आहे. व्हेनिसचे जे झाले ते सोनगीरचे का होऊ नये?

आता अशाच एका घराच्या ओट्यावर समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेणारी एखादी विद्यार्थिनी प्रश्नावली घेऊन बसली आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणू या. समोर सत्तरी ओलांडलेले आप्पा. ‘आजोबा, तब्येत कशी आहे?’ असे ती विचारते. आप्पा मान हलवून म्हणतात, ‘बठ्ठं बरं शे.’ मुलगा कुठे असतो, तो पैसे पाठवतो का, सुनेचे वागणे कसे आहे, दोन वेळचे जेवण मिळते का, या साऱ्या प्रश्नांना तेच उत्तर. सगळे ठीक आहे. मुलगी प्रश्नावलीच्या शेवटच्या रकान्यात ‘समाधानकारक’ असे लिहिते, सही घेते आणि पुढच्या घरी जाते.

यात त्या मुलीचा दोष नाही. तिला जे शिकवले ते तिने केले. पण ‘बठ्ठं बरं शे’ या तीन शब्दांमागे किमान तीन गोष्टी असू शकतात. एक, आप्पांना प्रश्न ऐकूच आला नसेल आणि पाहुणीला वारंवार ‘काय?’ म्हणायचा संकोच वाटला असेल. दोन, प्रश्न ऐकू आला पण पुस्तकी मराठीतला असल्यामुळे त्याचा रोख कळला नसेल. तीन, प्रश्न पुरता कळला असेल, पण दाराआड सून उभी आहे हे आप्पांना ठाऊक असेल. घरातली गोष्ट ओट्यावर आणायची नाही, ही त्यांची रीत आहे. या तिन्ही शक्यता ओळखायला शिकवणे म्हणजे वृद्धांबरोबर काम करणारा समाजकार्यकर्ता घडवणे. आपली समाजकार्य महाविद्यालये ते करतात काय, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्नाचा आकार आधी समजून घेतला पाहिजे. २०११च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख होती. त्यांपैकी ७ कोटींहून अधिक खेड्यांत राहत होते. महाराष्ट्रात दर शंभरांत जवळजवळ दहा माणसे साठीपलीकडची होती. देशाचे प्रमाण तेव्हा साडेआठच्या आसपास होते. केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञगटाच्या अंदाजानुसार २०३६ साली देशात दर सात माणसांमागे एक माणूस साठीपलीकडचा असेल. म्हणजे म्हातारपण हा शहरातल्या सदनिकांचा आणि परदेशी गेलेल्या मुलांचा प्रश्न आहे, ही आपली समजूत अपुरी आहे. हा प्रश्न मुख्यतः खेड्याचा आहे.

खानदेशात त्याला आणखी एक पदर आहे. इथला तरुण अमेरिकेला जात नाही, तो सुरतेला जातो. धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतून उधना-लिंबायतकडे गेलेल्या कुटुंबांची आता दुसरी-तिसरी पिढी तिथे नांदते आहे. कोणी नाशिकला जातो, कोणी पुण्याला. सुरतेहून मुलगा दिवाळीला येतो, लग्नाकार्याला येतो, फोनही करतो. त्याला कृतघ्न म्हणता येत नाही. पण यंत्रमागावर किंवा कापड बाजारात राबणाऱ्याची खोली दहा बाय दहाची. तिथे आईवडिलांना न्यायचे कुठे? आणि नेले तरी जन्म ओट्यावर गेलेल्या माणसाने तिथे बसायचे कुठे? म्हणून म्हातारी माणसे मागे राहतात. इथल्या वृद्धांचा प्रश्न नेहमीच दुष्ट मुलांचा नसतो, बऱ्याचदा तो अंतराचा आणि मिळकतीचा असतो, हे विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी सांगितले पाहिजे.

आता शिक्षणाकडे वळू. आपल्या देशात समाजकार्याचे रीतसर शिक्षण सुरू झाले ते मुंबईत, १९३६ साली. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने निघालेली ती संस्था पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याआधी नागपाड्याच्या कामगारवस्तीत काम करीत होते. म्हणजे या शिक्षणाचे मूळ वस्तीत आहे, वर्गात नाही. नंतर मुंबईत निर्मला निकेतन आणि पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था उभी राहिली. खानदेशही मागे राहिला नाही. धुळ्याजवळ मोराणे, चोपडा आणि जळगाव येथे समाजकार्य महाविद्यालये आहेत. १९९० साली जळगावात विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१८ साली त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. सोनगीरच्या ओट्यावर बसू शकेल असा विद्यार्थी आता मुंबईहून आणायची गरज नाही. तो तासाभराच्या वाटेवर आहे.

अडचण अभ्यासक्रमाच्या घडणीत आहे. हे शिक्षण जन्माला आले तेव्हा देश तरुण होता. बालगुन्हेगार, गिरणीकामगार, क्षयरोगी, निर्वासित, झोपडपट्टी हे त्या काळचे प्रश्न होते आणि विशेष अभ्यासाचे विषय त्यांच्याभोवती आखले गेले. कुटुंब व बालकल्याण, वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य, समुदाय विकास, कामगार कल्याण. त्यांत म्हातारपणाची गाठ पडते ती बहुधा ‘दुर्बल घटक’ या मथळ्याखाली, अपंग आणि निराधार यांच्या शेजारी, एखाद्या प्रकरणापुरती. क्षेत्रकार्याला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या शिक्षणाला, या अभ्यासात मोठे स्थान आहे. पण वृद्धांसंबंधी क्षेत्रकार्य द्यायचे झाले की डोळ्यांपुढे येतो तो वृद्धाश्रम. तिथे वृद्ध एका जागी भेटतात, हजेरी सोपी होते, अहवाल वेळेत होतो. विद्यार्थी भजनाचा कार्यक्रम करतात, फळे वाटतात, परततात आणि ‘वृद्ध एकाकी असतात’ असा निष्कर्ष लिहितात.

पण आपल्याकडचे बहुसंख्य वृद्ध वृद्धाश्रमात नाहीत, घरात आहेत. मुलासुनेबरोबर, जोडीदाराबरोबर किंवा एकटे, पण स्वतःच्या किंवा मुलाच्या छपराखाली. वृद्धाश्रमात शिकलेला विद्यार्थी या घरात शिरला की त्याची विद्या अपुरी पडते. आश्रमातले म्हातारपण कुटुंबातून सुटलेले असते, घरातले कुटुंबात अडकलेले असते. दुसऱ्या प्रकारचे काम पहिल्याहून कितीतरी कठीण आहे आणि आपण शिकवतो ते पहिले.

एक उदाहरण कायद्याचे घेऊ. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली झाला. त्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करून मुलाकडून निर्वाहखर्च मागता येतो. त्याची कमाल मर्यादा कायद्याने दरमहा १० हजार रुपये ठेवली. वकिलाची गरज नाही, उलट वकिलाला तिथे मज्जावच आहे. अर्जाचा निकाल ९० दिवसांत लागावा अशी तरतूद आहे. अर्ज करण्यास असमर्थ असलेल्याच्या वतीने नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थाही अर्ज करू शकते. सांभाळण्याच्या अटीवर मुलाच्या नावे केलेली जमीन, त्याने अट मोडली तर कलम २३ खाली परत मिळू शकते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी अट सिद्ध होणे आवश्यक आहे असे सांगितले. २०२५ साली त्याच न्यायालयाने हा कायदा वृद्धांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे वाचावा असे म्हटले. दोन्ही निकाल विद्यार्थ्याला माहीत हवेत, कारण सातबारावर मुलाचे नाव चढवण्याआधी आप्पा सल्ला विचारायला येतील ते न्यायमूर्तींकडे नव्हे, त्याच्याकडे.

परंतु कायदा माहीत असणे हा कामाचा निम्माच भाग झाला. खेड्यातली आई मुलाविरुद्ध अर्ज करीत नाही. ‘पोटच्या पोरावर कागद करू का?’ हा तिचा सवाल असतो. इथे अर्धवट शिकलेला कार्यकर्ता दोन चुका करतो. एक तर तो कायद्याच्या उत्साहात तिला प्रांत कचेरीत उभी करतो. खर्चाचा आदेश मिळतो आणि घर कायमचे तुटते. नाही तर ‘घरची गोष्ट घरात मिटवा’ असे सांगून तो निघून जातो आणि म्हातारी आणखी एक वर्ष शिळ्या भाकरीवर काढते. यांच्या मधली वाट कायद्यातच आहे. अर्ज सुनावणीआधी सलोखा अधिकाऱ्याकडे पाठवता येतो आणि हे काम नोंदणीकृत संस्थेच्या प्रतिनिधीला करता येते. त्याने महिन्याभरात दोन्ही बाजूंना एकत्र बसवून तोडगा काढायचा असतो. मुलगा दरमहा किती देईल, औषध कोण आणील, आई कोणत्या खोलीत झोपेल, तिच्या हाती खर्चाला काय राहील, हे सारे ठरवून लिहून काढायचे असते. समाजकार्याचे शिक्षण नेमके याच कामासाठी आहे असे वाटावे इतके ते जुळते आहे. पण मारहाण होत असेल तिथे सलोख्याची भाषा बोलायची नसते, आधी म्हातारीला सुरक्षित करायचे असते. ही परीक्षा कोणी शिकवायची?

याच कायद्याच्या नियमांत आणखी एक तरतूद आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्याने ठेवावी आणि महिन्यातून निदान एकदा पोलिसाने, शक्यतो समाजकार्यकर्त्याला वा स्वयंसेवकाला बरोबर घेऊन, त्यांच्या घरी जावे. सोनगीरला पोलीस ठाणे आहे. तासाभराच्या अंतरात समाजकार्य महाविद्यालये आहेत. या दोहोंची गाठ घालायला नवा कायदा लागत नाही, एक पत्र लागते.

त्याहून बोलकी गोष्ट अशी की राज्यातली समाजकार्य महाविद्यालये शासनाच्या ज्या सामाजिक न्याय विभागाच्या अखत्यारीत येतात, ज्येष्ठांचे धोरण आणि हा कायदाही त्याच विभागाकडे आहेत. एका हाताने विभाग विद्यार्थी शिकवतो, दुसऱ्या हाताने वृद्धांच्या योजना काढतो. हे दोन हात एकमेकांना क्वचितच भेटतात.

योजनांचे तेच. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील गरजूंना दरमहा निवृत्तिवेतन मिळते. २०२३ साली ते १००० रुपयांवरून १५०० रुपये झाले. पात्रतेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे. म्हणजे महिन्याला १७५० रुपये! एवढ्यात कोणते कुटुंब चालते, हे विचारायचे नाही. दाखला मात्र आणायचा. तलाठ्याचा अहवाल, वयाचा पुरावा, आधार जोडलेले बँक खाते, वर्षाकाठी हयातीचा दाखला. हातोडा धरून किंवा निंदणी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसाचा अंगठा यंत्र घेत नाही, मग पुन्हा फेरा. ७५ वर्षांवरील माणसाला २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे, पण गुडघे धरलेल्या माणसाला बसच्या पायरीवर चढवणारा कोणी नाही. २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना चष्मे, कवळ्या, काठ्या आणि श्रवणयंत्रे शिबिरातून देण्याची सोय झाली. आमच्या तांबटाला श्रवणयंत्र मिळाले असे धरू. पहिल्या दिवशी कानात एकदम कल्लोळ होतो, तो यंत्र काढून ठेवतो. त्याला सवय करून द्यायला, सेल बदलायला कोणी आले नाही तर ते यंत्र फडताळात जाते. शिबिराचा आकडा वाढतो आणि आप्पा बहिरेच राहतात. शिबिरानंतरचे ते तीन महिने हे समाजकार्यकर्त्याचे खरे क्षेत्र आहे.

आरोग्याची जाणही तेवढीच आवश्यक. खेड्यात एखादी म्हातारी एकच गोष्ट पुनःपुन्हा विचारू लागली, वाट चुकू लागली की ‘म्हातारचळ लागला’ म्हणून विषय संपतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासाने देशात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज दिला. पण विसरणारी प्रत्येक म्हातारी स्मृतिभ्रंशाचीच रुग्ण नसते. बहिरेपण, नैराश्य, थायरॉइडचा विकार, जीवनसत्त्वाची उणीव, चुकीच्या गोळ्या यांनीही माणूस तसाच दिसू लागतो, आणि यांपैकी बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. निदान डॉक्टरच करील. परंतु ‘हिला दाखवले पाहिजे’ असे म्हणणारा माणूस घरात यावा लागतो.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की आपल्या संस्कृतीत वृद्धांची सेवा शिकवावी लागत नाही. ही पाश्चात्त्यांची दुखणी आहेत. सेवेची भावना आपल्याकडे आहे, हे मान्य. पण ती सेवा प्रत्यक्ष करते कोण? घरची सून. सकाळी स्वयंपाक उरकून कापूस वेचायला जायचे, दुपारी धावत येऊन सासऱ्याला औषध द्यायचे, अंथरूण ओले झाले असेल तर धुवायचे, त्यापायी दिवसाचा रोज बुडवायचा आणि वर ‘सून बघत नाही’ हे ऐकायचे. वृद्धाची बाजू घेतली म्हणजे सुनेच्या विरोधात उभे राहिले, असे शिकलेला कार्यकर्ता त्या घरात परत येऊ शकणार नाही. तिला चार दिवस माहेरी जाता येईल अशी सोय कशी करावी, अंथरुणाला खिळलेल्याला कूस कशी बदलून द्यावी म्हणजे जखमा होणार नाहीत, हे तिला दाखवणे ही वृद्धसेवाच आहे. संस्कृतीचा अभिमान तिला विश्रांती देत नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. शिकून नोकरी कुठे? तो खरा आहे. वृद्धांसाठी म्हणून समाजकार्यकर्त्याच्या जागा फार थोड्या आहेत आणि जागा नाहीत म्हणून विद्यार्थी हा विषय घेत नाहीत. अमेरिकेतही असेच होते. तिथे हार्टफर्ड प्रतिष्ठानाने १९९०च्या दशकाच्या अखेरीस समाजकार्य शिक्षणात वृद्धांचा विषय रुजवण्यासाठी मोठा निधी घातला. त्यातला एक उपाय आपण घेण्याजोगा आहे. विद्यार्थ्याला वर्षभर एकाच संस्थेत न बसवता रुग्णालय, घरपोच सेवा, विरंगुळा केंद्र, निवासगृह अशा ठिकाणी पाळीपाळीने पाठवायचे, म्हणजे धडधाकट म्हातारपणापासून शेवटच्या आजारापर्यंतचा सारा प्रवास त्याला दिसतो. केवळ आजारी आणि टाकलेले वृद्ध पाहणाऱ्याच्या मनात म्हातारपणाविषयी दया उत्पन्न होते, आदर होत नाही. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६९ साली वयावरून माणसाला हिणवण्याच्या वृत्तीला वेगळे नाव दिले आणि तिला वंशभेदाच्या रांगेत बसवले. ही वृत्ती दयेचे कपडे घालूनही येते.

जागांचे म्हणाल तर त्या निर्माण कराव्या लागतील. प्रत्येक न्यायाधिकरणाला एक प्रशिक्षित सलोखा अधिकारी आणि प्रत्येक तालुक्याला वृद्धांसाठी एक समाजकार्यकर्ता, एवढी मागणी अवास्तव नाही. ती रेटण्यासाठी आधी काम जाणणारी माणसे हवीत, आणि ती महाविद्यालयातूनच यायची.

मग करायचे काय? सोनगीरसारखे एक गाव घ्यावे आणि दर विद्यार्थ्याला दोन घरे द्यावीत, वर्षभरासाठी. प्रश्नावली पहिले दोन महिने काढूच नये. पहिल्या भेटीत नुसते बसावे. भाषा शिकावी. २०११च्या जनगणनेत अहिराणी-खानदेशीभाषक अठरा लाखांहून अधिक होते; ‘आंडोर’ म्हणजे मुलगा हे ज्याला कळत नाही त्याने मुलाविषयी काय विचारायचे? बहिऱ्या माणसाशी समोर उजेडात बसून, ओठ दिसतील असे, सावकाश बोलावे, ओरडू नये. सुनेशी वेगळे बोलावे, आप्पांशी वेगळे. मग एका माणसाचे एक काम शेवटाला न्यावे. निवृत्तिवेतनाचा अर्ज तलाठ्यापासून तहसील कचेरीपर्यंत आणि तिथून बँकेत पैसे पडेपर्यंत. त्या एका अर्जामागे धावताना विद्यार्थ्याला शासनव्यवस्था जितकी कळेल तितकी चार व्याख्यानांत कळणार नाही. वर्ष संपताना त्या घराचा निरोप कसा घ्यायचा, हेही शिकवावे. ज्याने जीव लावला तो एका सकाळी यायचा बंद होणे हे म्हाताऱ्या माणसाला सुरतेच्या अंतरासारखेच लागते. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी आधी ओळख करून मगच पहिला निघावा. आणि वर्षभरात त्या घरात मृत्यू घडला तर विद्यार्थ्याने तिथे जावे, पंधरा दिवसांनी पुन्हा जावे. मागे राहिलेल्या जोडीदाराचे काम त्या दिवसापासून सुरू होते.

यासाठी शिक्षकांनाही गावात यावे लागेल. अहवालावर सही करून क्षेत्रकार्याचे मार्गदर्शन होत नाही. तांबटाचा पोरगा हे काम पुस्तकातून शिकला नाही. बापाशेजारी बसून, पत्रा किती तापला की ठोका घालायचा आणि कुठे हात आवरायचा, हे तो बघत बघत शिकला. माणसांबरोबर करायचे कामही असेच शिकावे लागते, जाणत्याच्या शेजारी बसून.

असे वर्ष घालवलेली मुलगी पुन्हा त्या ओट्यावर येईल तेव्हा आप्पा कदाचित पुन्हा तेच म्हणतील, ‘बठ्ठं बरं शे.’ पण ती वही उघडणार नाही. ती जरा पुढे सरकून बसेल, त्यांच्या बऱ्या कानाकडे तोंड करील आणि दुसरा प्रश्न विचारील. तो दुसरा प्रश्न कोणता, हे तिला कळावे यासाठीच हे सारे शिक्षण आहे.